दुकान मुलीला

शिंपीणबाईंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी गल्ली आत, उरलेली खिडकीला लोंबकळत. बाई जाऊन महिना झाला होता आणि आज त्या, म्हणे, वरून पत्र धाडणार होत्या!

कापायच्या टेबलावर कोरं पांढरं कापड पसरलं होतं. परलोकबाबांनी डोळे मिटले. "माउली, बोल! दुकान कोणाला? इस्त्री तापली आहे, खोळंबा नको!"

"वहिनी कधी कोणाला खोळंबवायच्या नाहीत," काका गहिवरले. कापड त्यांनीच आणलं होतं. दुकानाची किल्लीही महिनाभर त्यांच्याच खिशात. "पोरीला दुकान पेलेल का?" हे रोजचं पालुपद.

ती पोर, आईची टेप गळ्यात अडकवून, बाजूला उभी होती. पंधरा वर्षं ती याच टेबलावर कापड बेतत होती.

इस्त्री फिरली. तपकिरी अक्षरं उमटली: 'दुकान'.

"अगं बाई!" समोरची आजी पिशवीसकट खाली बसली.

पुढे उमटलं: 'मुलीला'. आणि काका हसतच होते! लेक चमकली. नाकात वास शिरला. लिंबू?

"थांबा! कोरं कापड भिजवल्याशिवाय इस्त्रीखाली घ्यायचं नाही, आईचा नियम. वर गेली म्हणून मोडेल होय?"

बाबा हां हां म्हणेपर्यंत तिने उरलेलं कापड बादलीत बुचकळलं, खसाखसा चोळलं, पिळलं आणि स्वतःच इस्त्री फिरवली. फस्स! नुसती वाफ.

"अरे, 'नको, भाऊजींना द्या' कुठे गेलं?" काका किंचाळले.

मग आजी म्हणाली, "तुला रे काय ठाऊक पुढचं?"

जो हशा उसळला, त्यात शिलाई यंत्रंसुद्धा खडखडली.

"पाण्याने आत्मा गारठला!" बाबा दाराकडे सरकत पुटपुटले.

लेकीने शेजारून अर्धं लिंबू मागवलं. काडी रसात बुडवून चिंधीवर लिहिलं, वाळवलं, इस्त्री फिरवली. 'बाबा, चहा घेणार?'

"रस वाळला की दिसत नाही, तापला की करपतो, आधी धुतला की जातो. झाला चमत्कार."

"पण लिहिलंय ते बरोबरच आहे की!" कोणीतरी ओरडलं. "दुकान मुलीला!"

"ते लिंबाने लिहिलंय," ती म्हणाली. "दुकान माझं आहे ते कायद्याने. आणि या हातांनी. काका, किल्ली."

किल्ली टेबलावर पडली. तिने ती दोऱ्यात ओवून टेपशेजारी गळ्यात अडकवली.

"आणि मंडळी, परलोकातून कोणी काहीही आणलं, तरी आधी धुऊन बघा."