तड्यांची रेघ

वीस वर्षं अंबूताई कॅनव्हासवर नुसत्या रेघा आणि रंग मांडत आल्या. आणि वीस वर्षं त्यांचे थोरले भाऊ बाळाचार्य प्रत्येक चित्रापुढे उभे राहून एकच विचारत, “पण हे आहे काय?” अंबूताईंच्या डोक्यात तिडीक जाई.

मग एका पुस्तकात त्यांनी जुनी चिनी भांडी पाहिली. भट्टीतून निघालेल्या भांड्याच्या चकाकीच्या थराला बारीक तडे जात, आणि तिथले कुंभार त्यांत हौसेने शाई भरत. अंबूताईंनी ब्रश बाजूला ठेवून मातीत हात घातले. तारिहाळच्या भट्टीतून दोन वर्षं फक्त ठिकऱ्या निघाल्या.

२००३ साली कमरेइतकं उंच शिल्प अखंड बाहेर आलं. सप्तापूरच्या घरी बाळाचार्य ते पाहत होते, तोच टिण्ण आवाज झाला. पांढऱ्या अंगावरून केसाएवढी रेघ धावत गेली.

“अंबू, फुटलं गं.”

“फुटलं नाही, अण्णा. वीस वर्षं जी रेघ माझ्या हाताला जमली नाही, ती हे स्वतःच काढतंय.”

बाळाचार्यांनी खुर्ची ओढली आणि शिल्पाला कान लावला. तासाभराने अंबूताईंनी जेवायला हाक मारली, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“गप गं. अजून एक येतेय.”