वेळबदलाचं परिपत्रक

देशाने आजवर अकरा वेळा जागतिक क्रीडास्पर्धेला पथक पाठवलं आणि अकराही वेळा ते हात हलवत परत आलं. एका वजन उचलणाऱ्याचा चौथा नंबर तेवढा पदरात आहे, आणि क्रीडा समितीने तीस वर्षं भाषणं केली ती त्याच्याच जिवावर. पथकात खेळाडू चार आणि अधिकारी सात, म्हणजे नवरदेव लहान आणि वऱ्हाड मोठं. तरी इतिहास तो इतिहास. समितीने जाडजूड पुस्तक काढायचं ठरवलं आणि आपापल्या वर्षाची पानं तपासून सही करायला जुन्या पथक व्यवस्थापकांना बोलावलं.

त्यांत भाऊजी होते. बायकोच्या धाकट्या भावाला, आठशे मीटर धावणाऱ्याला, त्यांनीच पथकात नेलं होतं. तो त्यांना भाऊजी म्हणायचा, म्हणून सगळं मैदानच म्हणायला लागलं. या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली होती.

पुस्तकाची संपादिका त्यांच्या मुलीच्या वयाची होती, आणि कामाला चोख. तिने भाऊजींपुढे त्यांचं पान ठेवलं. तीन खेळाडूंपुढे त्यांचे क्रमांक होते, तिशी-चाळिशीच्या घरातले. मेहुण्यापुढे लिहिलं होतं : धावला नाही. कारण, आजारपण. मग तिने आणखी एक कागद काढला. स्पर्धेच्या यजमानांकडून तिने जुनी कागदपत्रं मागवली होती, त्यांत हे वेळबदलाचं परिपत्रक निघालं. आठशे मीटरच्या शर्यतीआधीची हजेरी साडेदहाऐवजी दहाला होणार, असं त्यात होतं. खाली देशांची यादी, आणि कागद मिळाल्याच्या सह्या. आपल्या देशापुढची जागा तेवढी कोरी होती. ती का, असं तिने साधेपणाने विचारलं. मग आपणच म्हणाली, आता कोण बघतंय म्हणा, तुम्ही सही कराल तेच छापू.

भाऊजी म्हणाले, उद्या देतो. छातीत धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. एखादा हात अंगाखाली दबून बधिर व्हावा, तसं त्यांचं त्या बाबतीत केव्हाच झालं होतं.

छत्तीस वर्षांपूर्वी, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ते बिल्ले बदलत होते. क्रीडाग्रामात सगळ्या देशांचे अधिकारी कोटाला लावायचे बिल्ले एकमेकांत बदलतात. ज्या देशाला कोणी ओळखत नाही त्याचा बिल्ला दुर्मीळ, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींना मागणी होती. मोठमोठ्या देशांची माणसं त्यांच्यामागे फिरत होती. परिपत्रक स्पर्धेच्या कचेरीतल्या त्यांच्या खणात पडलं होतं आणि खण उघडायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मेहुणा हजेरीच्या खोलीशी पोचला, तेव्हा दार बंद झालं होतं.

इथवर चूक होती. चूक माणसाच्याच हातून होते. पण तिथे दारात उभं राहून भाऊजी त्याला म्हणाले, "दहाचं सांगितलं होतं ना काल जेवताना. लक्ष कुठे होतं तुझं?" पोरगा वीस वर्षांचा, पहिल्यांदाच देशाबाहेर आलेला. वेळापत्रक परक्या भाषेतलं आणि तेही भाऊजींच्या खिशात. त्याने निमूटपणे मान खाली घातली. मग भाऊजींनी मोठेपणा केला. म्हणाले, घाबरू नकोस, अहवालात पोटदुखी लिहितो. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात, पण हा चोर तर उपकारकर्ताही झाला.

मेहुणा त्यानंतर कुठल्याच शर्यतीला उभा राहिला नाही. एका शाळेत मैदानाची देखभाल करायला लागला. दर वर्षी त्या तारखेला तो बहिणीच्या घरी यायचा, भाऊजींच्या पायाला हात लावायचा आणि म्हणायचा, तुम्ही माझी लाज राखलीत. भाऊजी ते आभार ठेवून घ्यायचे.

संपादिकेने दिलेलं पान घेऊन भाऊजी त्याच दुपारी मेहुण्याच्या शाळेच्या मैदानावर गेले. मेहुणा चुन्याची गाडी ढकलत धावपट्ट्या आखत होता. छप्पन वर्षांचा, पण रेघ अजून सरळ. छापायचं पान दिसताच त्याने हात पँटला पुसले आणि आधी आपलं नाव शोधलं.

"आजारपण लिहिलंत," तो म्हणाला. "बरं झालं. नातवंडांच्या हाती पडेल हे. तुमचे उपकार आहेत, भाऊजी."

भाऊजींना इथेही गप्प बसता आलं असतं. पान दुमडून घरी जायचं, एवढंच काम होतं. पण त्यांनी सांगितलं. बिल्ले, खण, परिपत्रक, सगळं सांगितलं. जेवताना आपण एक अक्षर बोललो नव्हतो, हेही सांगितलं. आवाज सपाट होता, दुसऱ्या कोणाचा निरोप पोचवावा तसा. मग ते वाट बघत राहिले. तो ओरडेल, गळ्याशी येईल, निदान रडेल तरी.

मेहुणा मैदानाकडे बघत होता.

"म्हणजे मी वेळेवर होतो."

"हो. पाव तास आधी."

"मला वाटायचं, अर्धवट झोपेत ऐकलं असेल. त्या जेवणातला शब्द न् शब्द आठवून बघितला मी. किती वर्षं." त्याचाही आवाज चढला नाही. "त्या साली मी फार जोरात होतो."

आपल्याला अजूनही काही वाटत नाही, याची भाऊजींना पहिल्यांदाच भीती वाटली.

मेहुण्याने पेन मागितलं. पान गाडीच्या पत्र्यावर ठेवलं आणि 'आजारपण' हा शब्द खोडला, पट्टी लावल्यासारखा सरळ. मग म्हणाला, "सांगा काय ते. मी लिहितो. त्यात तुमचं अक्षर नको."

भाऊजींनी सांगितलं. बदललेली वेळ पथक व्यवस्थापकांनी खेळाडूला कळवली नाही. खेळाडू ठरलेल्या वेळेआधी हजर होता. मेहुण्याने सावकाश, शाळेतल्या मुलासारखं लिहून घेतलं, एकदा वाचून बघितलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"सही तेवढी तुमची."

भाऊजींनी सही केली. त्याने कागद वाळायला धरला, त्यांच्या हातात दिला आणि गाडी ढकलत पुढच्या रेघेला लागला.