न मोजलेली पोर

"आमच्या खोलीची चिठ्ठीच नाय निघाली?" मालनचे भाकरी थापणारे हात थांबले.

"नाही, वहिनी," शैला म्हणाली.

डिलाईल रोडच्या काही चाळींत पाण्याचा नळ संडासाला लागून होता, काहींत लांब. तान्ही मुलं कुठे जास्त दगावतात, याची शैला एम.ए.साठी पाहणी करत होती. सगळ्या खोल्या फिरणं शक्य नव्हतं, म्हणून तिने चिठ्ठ्या टाकून थोड्या निवडल्या होत्या. भावाच्या चाळीतला नळही संडासालगतच होता, पण त्याची खोली त्यांत आली नाही. त्याची आणि मालनची तान्ही मुलगी सुगंधा गेल्या उन्हाळ्यात हगवणीने गेली होती.

संध्याकाळी खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. भाऊही त्यात होता. घोषणांनी खिडकी हादरत होती आणि शैला गणित मांडत होती. संडासाजवळच्या नळाच्या चाळींत मुलं जास्त गेली होती. पण एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकला असता. फरक खरा आहे, हे सिद्ध होणं थोडक्यात हुकलं होतं. तिने सुगंधाला धरून पुन्हा गणित केलं. आता जमत होतं. बराच वेळ ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने तो खोडला.

"फरक नाही, असं लिहू नका हं," कॉलेजात तिच्या मार्गदर्शक सुनेत्राबाई म्हणाल्या. "आपल्याला तो सिद्ध करता आला नाही, एवढंच लिहा. पुन्हा पाहणी करा. जास्त खोल्या घ्या."

घरी तिने मालनला सगळं सांगितलं.

"म्हंजे माझी पोर कशातच नाय?"

"तिला मी घुसवली असती, तर बाकीच्यांचंही कुणी खरं मानलं नसतं, वहिनी."

मालन उठून गॅलरीत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती शैलाशी कामापुरतंच बोलली.

नव्या चिठ्ठ्या निघाल्या. शैला चपला घालत होती, तेव्हा मालन पदर खोचून दाराशी आली.

"मी येते. बाया तुला नाय सांगायच्या."

पहिल्याच खोलीतल्या बाईने प्रश्न ऐकला आणि मान फिरवली. "नाय बा, आमच्यात कोण नाय गेलं."

मालन उंबऱ्यावर तिच्याशेजारी टेकली. "माझी गेली, बाय. बसायला लागली होती."

बाईने मान वळवून मालनकडे पाहिलं. मग तिने दोन बोटं वर केली. थोड्या वेळाने तिसरं.