पेटीतली पेटी

हौसाने पेटी माळ्याच्या कडेपर्यंत ओढत आणली आणि दोन्ही हातांनी खाली ढकलून दिली. पेणच्या त्या मूर्तिशाळेत रंगकाम करणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थबकले. पेटीत तिच्या नवऱ्याने, महिपतीने मागेच घडवलेला शाडूचा गणपती होता, आणि महिपती दारातच उभा होता.

हा प्रयोग खाली उभ्या असलेल्या दिनानाथांसाठी होता. इथल्या मूर्ती बोटीने परदेशी धाडणारे ते व्यापारी. मागल्या साली लंडनला गेलेल्या मूर्तींतल्या निम्म्या फुटक्या निघाल्या. माती कच्ची आहे, यंदा प्लास्टरच्या पाठवा, असा तिकडून निरोप आला. पेट्या वाटेत आपटल्या असणार, हे हौसा परोपरीने सांगत राहिली. पण पुरावा कुठून आणणार? महिपतीने तो निरोप मनाला लावून घेतला. आपल्या हातांतच आता दम उरला नाही म्हणाला, आणि मातीला शिवेनासा झाला.

रोह्याला दिलेली त्यांची लेक वैशाली धाटावच्या एका कंपनीत माल उतरवून घ्यायच्या कामावर होती. तिथे नाजूक यंत्रांच्या खोक्यांवर एक चिकटपट्टी येई. पट्टीत बारीक नळी. खोका जोरात आपटला की नळी लालभडक होई, ती पुन्हा पांढरी होत नसे. वैशालीने तशा पट्ट्या आईला मागवून दिल्या. पुढची अक्कल हौसाची. तिने मोठ्या पेटीत लहान पेटी बसवली, आणि ती सायकलच्या जुन्या ट्यूब कापून आठही कोपऱ्यांना पाळण्यासारखी टांगली. पट्टी दोन्ही पेट्यांना लावली.

शिडी उतरून ती पेटीपाशी आली. बाहेरची पट्टी लाल झाली होती. तिने फळ्या उचकटल्या. आतली पट्टी पांढरीच होती. सोंड, बोटं, मुकुट, कुठे टवकासुद्धा उडाला नव्हता.

दिनानाथांनी मूर्ती फिरवून फिरवून पाहिली. यंदा शाडूच्याच पाठवू म्हणाले. मात्र पुन्हा फुटल्या तर शाडूचं नाव काढायचं नाही.

आधीच तयार असलेल्या शाडूच्या मूर्ती भरून पेट्या बोटीवर चढल्या. पोचल्याची खबर यायला बरेच आठवडे लागले. खबर घेऊन दिनानाथ स्वतःच आले. सगळ्या मूर्ती धडधाकट होत्या. कित्येक पेट्या बाहेरून लाल झाल्या होत्या, आतून एकही नाही.

"माती कच्ची नव्हती, हौसाबाय. तिकडच्यांनीच तसं कळवलंय."

बायकांनी एकच गलका केला. कुणी गूळ आणला, कुणी हौसाच्या कपाळी हळदीकुंकू लावलं. त्या गर्दीतून तिची नजर महिपतीला शोधत होती. तो कुठेच नव्हता.

तो मागच्या पडवीत सापडला, कोपरापर्यंत ओल्या शाडूने माखलेला. मान वर न करताच त्याने विचारलं,

"तुझी पेटी केवढी मोठी करता येल गो?"

"तुमी मूर्ती केवढी करणार, ते सांगा."

महिपतीने जमिनीपासून हात उचलत छातीपर्यंत नेला. तिथे जरा थांबला. मग आणखी वर नेला.