आडाळो अजून बोथट नाही

मित्रांनो, मी आडाळो. जुना आहे, पण बोथट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घाटावर माझ्या बहिणीला विळी म्हणतात आणि तिच्यावर भाजी चिरतात. मी मालवणातला. माझ्यावर सुरमई कापतात!

माझं पातं म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा. कसालच्या लोहाराने तो तापवला, ठोकला, वाकवला आणि फणसाच्या फळीवर बसवला. तेव्हा मी असा चकाकत होतो की काशीबाईंनी दुसऱ्या कुठल्या आडाळ्याकडे बघितलंच नाही. मासळी बाजारात त्यांची ठरलेली जागा होती. पुढे त्यांचे गुडघे सुजले आणि त्या जागेसकट मी त्यांच्या सुनेच्या, सुभद्रेच्या, वाट्याला आलो.

सुभद्रा कापायला बसली की बघत राहावं. एक पाय माझ्या फळीवर, मासा निसटू नये म्हणून अंगठ्याला राख, आणि खवले नुसते उडतात. पर्यटक थांबून फोटो काढतात. माझेसुद्धा हं, फक्त तिचे नाही! एकदा मोरी, म्हणजे छोटा शार्क, कापताना माझी फळी चिरली, तर तिने ती तारेने घट्ट आवळली. मला टाकलं नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की मात्र मी चुलीमागे पडून राहतो आणि अंगावर गंज चढतो.

त्या दिवसांतही काशीबाई सुके बांगडे घेऊन दारोदार हिंडतात. तशाच सुजलेल्या गुडघ्यांनी. आयुष्यभर बाजारात बसलेल्या बाईला पेन्शन कोण देणार? तिचा मालक कोण? तीच!

म्हणून शेजारी मासे विकणाऱ्या रहिमाने बँकेतल्या पेन्शन योजनेचं सांगितलं, तेव्हा सुभद्रेने कान टवकारले. दर महिन्याला थोडे थोडे भरायचे, साठीनंतर दर महिन्याला मिळत राहणार. नोकरी नसली तरी चालतं. अट एकच, चाळीस पूर्ण व्हायच्या आत नाव घालायचं. आणि सुभद्रेची चाळिशी येत्या शनिवारी भरत होती.

गुरुवारी ती कोकमाची सोलं चोळून चोळून हात धुऊन बँकेत गेली. तिला वाटलं, अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या मशीनला माशांचा वास आवडत नसेल! बोटं लालेलाल झाली, वास गेला, पण मशीनने अंगठा काही घेतला नाही. उजवा झाला, डावा झाला, ओला करून झाला, पुसून झाला. तिथल्या गुरुदास नावाच्या कारकुनाने शेवटी सांगितलं, ‘‘मावशी, रेषाच उरलेल्या नाहीत. थोडे दिवस काम बंद ठेवा, परत येतील.’’

संध्याकाळी हे सगळं ती काशीबाईंना सांगत होती, तेव्हा मी कोपऱ्यात होतो. माझं पातं तापलं. काशीबाई गुडघे चोळत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘माका कोणी इचारलाच नाय गो. तुका निदान नाय तरी म्हणतत. तू सोडू नको.’’

शुक्रवारी सुभद्रेने मला गोणपाटात गुंडाळलं, पाटीत ठेवलं, वर बांगडे रचले आणि थेट बँकेत! मागोमाग रहिमा आणि बाजारातल्या बायका. माझं पातं दिसताच वॉचमन उठून उभा राहिला.

‘‘बस रे बाबा, बांगड्यांसाठी आसा तो,’’ सुभद्रा म्हणाली.

गुरुदासच्या टेबलासमोर तिने मला फरशीवर मांडलं, फळीवर पाय रोवला, अंगठ्याला राख लावली आणि बांगडा कापायला घेतला. एसीत असा काही वास सुटला की रांगेतल्या लोकांनी रुमाल काढले. मावशी, हे काय चाललंय, असं गुरुदास विचारत होता. सुभद्रेने मानही वर केली नाही.

‘‘रेषा खंय गेल्यो ता दाखवतंय. हेच्यावर गेल्यो. काम करून गेल्यो. आता काम बंद ठेवलंय, तर हप्तो तू भरतलंस काय रे?’’

मित्रांनो, त्या क्षणी मी जो चमकलो ना, तसा लोहाराच्या भट्टीतून निघालो तेव्हाही चमकलो नव्हतो!

आतून मॅनेजर नम्रता मॅडम आल्या. आधी त्यांनी बांगड्याकडे बघितलं. मग सुभद्रेचा अंगठा हातात धरून उजेडाकडे वळवला आणि गुरुदासला विचारलं, अंगठ्याऐवजी डोळे बघून ओळख पटवणारं मशीन आपल्याकडे आलं होतं ना? ते होतं. कपाटात. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा कोणी काढली नव्हती.

गुरुदासने मशीन समोर धरलं आणि डोळे मोठे करायला सांगितलं.

‘‘डोळे वटारूक माका शिकवची गरज नाय,’’ सुभद्रा म्हणाली. बायका खो खो हसल्या. गुरुदासही हसला. आणि हिरवा दिवा लागला, सुभद्रेचं नाव योजनेत गेलं.

घरी पोचलो तेव्हा काशीबाई दारातच उभ्या होत्या. सुभद्रेने नुसती मान डोलावली. सासूने सुनेचा गुळगुळीत अंगठा आपल्या गुळगुळीत अंगठ्याने दाबला आणि मग मला धुऊन, पुसून खोबरेल चोळलं. त्यांच्यासाठी मात्र उशीर झालाच. ते मी गोड करून सांगणार नाही.

म्हणून मित्रांनो, आम्हा जुन्या आडाळ्यांना गंज चढू देऊ नका. आणि आम्हाला चालवणारे हात? त्यांनाही नाही! बाजारात मासे कापून घ्याल, तेव्हा कापणारीला एकदा विचारा, तिचं नाव घातलंय का ते. नसेल, तर तिला वेळेत पाठवा. आणि कोणी तिला काम बंद ठेवा म्हणालं, तर मला हाक मारा. पाटीत बसायला मी तयारच आहे.