बाजरीच्या माठावरची तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी ग्रामोफोनची तबकडी आहे. काळी, ठिसूळ, काठाला एक टवका उडालेली. पण माझा आवाज अजून खणखणीत आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझ्यावर जी गवळण आहे, ती गायली तमाशाच्या फडातल्या रंगूबाईने. तिने मला धाकट्या बहिणीच्या, झुंबरबाईच्या, लग्नात आहेर म्हणून दिलं. झुंबरबाई घोडेगावजवळच्या वस्तीवर नांदायला आली. शेजारच्या मळ्यात ग्रामोफोन होता. तिथे मी वाजले आणि शाबासकीही मिळवली. पण तिचे सासरे भिमाजी संतापले. फडातला आवाज घराला शोभत नाही, पुन्हा वाजली तर फोडून टाकीन, असं त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईने मला बाजरीच्या माठावर झाकण म्हणून ठेवलं. मधल्या भोकावर वाटी उपडी घातली. पुढे रंगूबाई वारली. मी मात्र गप्प पडून राहिले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोक घरातलं किडुकमिडुक बाहेर काढू लागले. घोडेगावच्या बैलबाजारात चहाचं दुकान चालवणारा सहादेव तेव्हा सायकलवरून वस्त्या फिरायचा. जत्रेच्या जाहिराती, तमाशाची तिकिटं, तबकड्या, जे लोक चुलीत घालतील ते तो जपून नेई. कागद कडुलिंबाच्या पाल्यात ठेवी, तबकड्या उभ्या रचून ठेवी. वाजवून बघायला पेटीचा छोटा ग्रामोफोन सोबत असे.

माठावर मला पाहून त्याचा जीव हळहळला. एवढ्या चांगल्या तबकडीची अशी दशा का केली, असं तो बोलून गेला.

झुंबरबाई म्हणाली, "दादा, तबकडी फोडली असती. झाकन कोनी फोडत न्हाई."

सहादेवने ग्रामोफोन अंगणात उतरवला. झुंबरबाईने ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली. तिने मला पदराने पुसलं आणि स्वतःच्या हाताने ठेवलं.

थोडी खरखर झाली आणि रंगूबाईचा आवाज अंगणभर घुमला. झुंबरबाई खांबाला धरून ऐकत होती. गवळण संपली. सहादेव मला उचलायला वाकला, तेव्हा भिमाजी काठी टेकत उठले.

"थांब जरा," ते म्हणाले. "दुसरी बाजू ऱ्हायली की."

सहादेवने मला नेलं नाही. जाड कागदाचं पाकीट तेवढं देऊन गेला. उभी ठेवा, उन्हात ठेवू नका, असं त्याने भिमाजींनाच समजावलं.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर एखादी तबकडी, जत्रेचा पिवळा कागद सापडला, तर टाकण्याआधी घरातल्या थोरांना विचारा, हे कुणाचं. आणि कुणी ग्रामोफोन घेऊन आलंच, तर मी गायला तयार आहे.