मी भुरीचं घर होतो

मी कूलर बोलतोय. निदान एकेकाळी तरी कूलर होतो. वणीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात, कडुलिंबापासून चार पावलांवर मी उभा आहे. माझ्या कपाळावर निळ्या रंगात 'भुरी' असं नाव आहे. येणाराजाणारा ते वाचतो तेव्हा मला खाली मान घालावीशी वाटते. पत्र्याला मान नसते, म्हणून बोलून टाकतो.

माझा जन्म रस्त्यावरचा. टिनाच्या दुकानासमोर बसून कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. "जाड पत्र्याची चादर हाये, दहा वर्सं हालत नाही," असं तो म्हणाला. अश्वजितने मला दोन टिचक्या मारल्या, चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि मगच ऑटोत चढवलं. अश्वजित कोळशाच्या खाणीत फिटर. त्याला लोखंडातलं कळतं, असं सगळी गल्ली म्हणायची. तोही म्हणायचा.

घरात चार माणसं. अश्वजित, शाळेत शिकवणारी त्याची बायको दीपमाला, तेव्हा चार वर्षांची असलेली मैत्रेयी आणि अश्वजितचे वडील डोमाजी. बारा उन्हाळे मी त्यांच्या खिडकीत काढले. होळी झाली की मला धुऊनपुसून वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायचे. पंप सुरू होऊन ताट्या भिजल्या की घरभर वास सुटायचा आणि डोमाजी डोळे मिटून म्हणायचे, "आला उन्हाया." मग माझ्यासमोर कोण बसणार यावरून रोज भांडण. मैत्रेयी पाठ टेकून बसायची, अश्वजित तिला पायाने सरकवायचा, दीपमाला दोघांना उठवून स्वतः वह्या तपासायला बसायची. बाहेर पंचेचाळीस, सेहेचाळीस अंश आणि आत हे सुख. मला वाटायचं, हे घर माझ्यावरच चाललंय. इतका फुगलो होतो मी.

तेराव्या वर्षी माझा तळ गंजला. खिडकीत चाकांचा, पांढरा, प्लास्टिकचा कूलर आला आणि मी मागच्या अंगणात. माझ्यात फुटक्या बादल्या आणि जुन्या चपला ठेवायला लागले. मी रडगाणं गात नाही, पण तेव्हा मला पुन्हा कुणीतरी हवं होतं, एवढं कबूल करतो. माझ्या लाजेची सुरुवात तिथून होते.

त्याच दिवाळीनंतर डोमाजींनी सदऱ्यात लपवून एक पिल्लू आणलं. ट्रकांच्या वजनकाट्याजवळ, एका ट्रकच्या चाकाशी ते बसलं होतं. राखेसारखा रंग, म्हणून मैत्रेयीने नाव ठेवलं भुरी. नाव ठेवून होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात वाद सुरू झाला होता.

"आत नाही," दीपमाला म्हणाली. "पाहा हिचे पाय. इथं झाडाच्या पानावर कोयसा बसते, तं कुत्र्याच्या केसात किती बसन? मी दिवसातून दोनदा फरशी पुसतो."

"मंग मी बी तिच्याजवय बाहीरच झोपीन," मैत्रेयी म्हणाली. आता ती अकरावीत होती, पण हट्ट चार वर्षांचाच.

डोमाजींनी निकाल दिला. "कुत्र्याची जात आंगणातलीच. आमच्या गावाले कोणाच्या घरात कुत्रं होतं? बाहीरच राहे अन् मजेत राहे."

ते खोटं नव्हतं. फक्त त्यांच्या गावातल्या कुत्र्याला कुणी बांधत नव्हतं. ऊन वाढलं की ते आपलं आपण उठून गोठ्यात, नाहीतर ओढ्यात जाऊन बसायचं. हे डोमाजी सांगायचे विसरले आणि विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

अश्वजितची नजर अंगणभर फिरली आणि माझ्यावर थांबली. "हे पाह्य," तो म्हणाला. "याचंच घर करू तिले. कूलरच हाये तो. थंडच राहीन."

सगळी चूक त्या एका वाक्यात आहे. थंडावा पाण्याचा होता, वाळ्याचा होता, वाऱ्याचा होता. मी नुसता डबा होतो. ही गोष्ट फिटरने ओळखायला हवी होती आणि मी तर नक्कीच. पण मला ते वाक्य गोड लागलं. बारा वर्षं ऐकलेलं कौतुक पुन्हा कानावर आलं, आणि मी खूश झालो.

एका रविवारी अश्वजितने माझा पंखा, पंप आणि टब काढला. पंख्याचं गोल भोक कापून मोठं केलं, ते झालं दार. ताट्यांच्या तिन्ही बाजू उघड्या होत्या. पाऊस येईल, साप शिरेल, असं दीपमाला म्हणाली, म्हणून तिथे नवा पत्रा ठोकून त्या बंद केल्या. मग निळ्या रंगाने नाव लिहिलं. शेजारचा धनसिंग ट्रकवर असतो. तो भिंतीवरून डोकावला. "वा भाऊ, बंगलाच बांधून देल्ला." अश्वजितने माझा फोटो काढून खाणीतल्या सगळ्यांना पाठवला.

हिवाळा मजेत गेला, हे सांगितलं पाहिजे. आत गोणपाट, त्यावर भुरी. माझ्या पोटात इतकी वर्षं वारा आणि पाणी फिरलं, जीव कधी नव्हता. ती झोपेत पाय हलवायची, माझ्या पत्र्याला नाक लावून श्वास सोडायची. मी स्वतःला घर समजायला लागलो.

तिला मात्र माणसांचं घर हवं होतं. दार उघडं दिसलं की ती धावत उंबऱ्यावर जायची. दीपमाला हात उगारून म्हणायची, "हाड!" मारलं कधीच नाही. रोज पाच-सहा वेळा नुसतं हाड. एकदा ती आत घुसली आणि पांढऱ्या फरशीवर काळी पावलं उमटली, तेव्हा साखळी आली. साखळीचं दुसरं टोक माझ्या पायाला.

मार्च संपता संपता मी तापायला लागलो. तापला की पत्रा फुगतो आणि टण्ण करून वाजतो. मी दुपारभर वाजायचो. दीपमाला आतून ओरडायची, "भुरी, गप बस ना."

भुरीने आपल्या परीने सांगून पाहिलं. माझ्या शेजारची माती उकरून तिने खड्डा केला आणि त्यात पोट टेकून पडून राहू लागली. ओल्या मातीत तेवढा गारवा होता. अश्वजितने पाहिलं, अंगण खराब केलं म्हणून चिडला, खड्डा बुजवून वर फरशी बसवली. याहून स्पष्ट कुत्र्याने काय बोलायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

मे महिन्यात आर्णीला दीपमालाच्या भाच्याचं लग्न निघालं. बुद्धविहारात, सकाळी अकराला. सहा वाजता गाडी निघणार. मैत्रेयी भुरीच्या भांड्यात पाणी भरता भरता म्हणाली, "आई, हिले रामीबाईकडे सोडू का?" रामीबाई पलीकडच्या घरातली, धनसिंगची आई.

"लोकायले कायले तरास?" दीपमाला म्हणाली. "तिचं घर हाये ना."

मी ते ऐकलं आणि मला, सांगायची लाज वाटते, बरं वाटलं.

दहापर्यंत कडुलिंबाची सावली आमच्यावर होती. मग ती भिंतीकडे सरकली. साखळी तिथवर पोहोचत नव्हती. भुरीने ओढून पाहिली, तेव्हा साखळीच्या झटक्याने पाण्याचं भांडं उलटलं. पाणी फरशीवर पसरलं आणि ती चाटायला वाकेपर्यंत वाळून गेलं. बाहेर ऊन, पायाखाली भाजणारी फरशी, म्हणून ती माझ्यात आली. घर म्हणून आली.

माझ्या चारी बाजू तापलेल्या. वारा यायला एकच दार, तेही उन्हाकडे. ती डाव्या अंगाला टेकली, उठली, उजव्या अंगाला टेकली, उठली. मग मध्ये उभी राहून धापा टाकू लागली. मी वाजलो. जितका वाजू शकतो तितका वाजलो. एक वाजेपर्यंत ती बसली आणि मग आडवी झाली. बारा वर्षं ज्याने एका घराला उन्हाळा लागू दिला नाही, त्याच्या पोटात एक जीव भाजत होता आणि मला थोडंसुद्धा थंड होता येत नव्हतं.

रामीबाई गच्चीवर पापड वाळवायला आली होती. तिने हाक मारली, "भुरे." एरवी भुरी शेपटीने मला बडवायची. काहीच आवाज आला नाही. रामीबाई खाली उतरली, फाटक उघडून आत आली, माझ्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. मग पदर हाताला गुंडाळून तिने साखळीचा आकडा काढला, भुरीला ओढून बाहेर घेतलं आणि लुगड्यात धरून आपल्या शेणाने सारवलेल्या मागच्या खोलीत नेलं. त्यानंतरचं मला दिसलं नाही. ओलं गोणपाट पिळल्याचा आवाज तेवढा येत होता.

संध्याकाळी घरचे आले. डॉक्टर येऊन गेले होते. भुरी जगली होती, पायांचे तळवे भाजले होते. रामीबाई फाटकाशीच उभी राहिली आणि सगळं सांगून शेवटी म्हणाली, "मॅडम, जनावर बांधता तं सावलीले बी बांधून ठेवत जा." मैत्रेयी आईबापाला फाटकाशीच सोडून रामीबाईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी अश्वजित कामावर गेला नाही. दुपारी एक वाजता तो एकटाच अंगणात आला, गुडघ्यांवर बसला आणि माझ्या दारातून आत शिरला. अंगाने भरलेला माणूस. गुडघे हनुवटीला लागले. कपाळ माझ्या छताला टेकलं तसं त्याने झटक्यात खाली घेतलं. याच कपाळावरचा घाम मी बारा उन्हाळे वाळवला होता.

डोमाजी काठी टेकत आले. "निघ ना बाहीर. जीव देतं काय?"

"किती वेळ होती ते आत, बाबा?"

डोमाजींनी काठी माझ्या पत्र्याला टेकवली.

"मी फिटर हाओ," अश्वजित आतून म्हणाला. "मे महिन्यात मशिनीले आम्ही हातमोज्याबिगर हात नाही लावत. अन् म्या तिले..."

डोमाजी फरशीवर बसायला गेले आणि भाजलं म्हणून लगेच उठले. त्या फरशीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्या आंगणात ठेव म्हनलं होतं, डब्ब्यात नाही. पन बांधलेली मले रोज दिसे. म्या बी कोठं बोललो?"

अश्वजित बाहेर निघाला तेव्हा त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. तो माझ्याकडे न पाहता निघून गेला. मला त्याची लाज समजली, कारण ती माझीच होती.

चार दिवसांनी भुरीला परत आणलं. साखळी काढून टाकली होती. दीपमालाने स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि म्हणाली, "ये." भुरी उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. तिने दीपमालाच्या हाताकडे पाहिलं आणि बाहेरच बसली. दीपमालाने पोळी दाखवली, दूध दाखवलं. भुरी शेपूट हलवायची, पण उंबरा ओलांडायची नाही. सहा महिने शिकवलेला धडा तिला पाठ झाला होता. मुलं धडे विसरतात म्हणून वर्गात ओरडणारी बाई त्या दिवशी दारात उभी राहून रडली.

तिसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, दीपमाला सतरंजी घेऊन बाहेर आली आणि पायरीवर भुरीजवळ बसली. "तू नाही येत तं मी बी येथंच बसतो," म्हणाली. वहीने वारा घेत, घामाने निथळत ती बसून राहिली. मैत्रेयीने दोनदा बोलावलं, ती उठली नाही. अर्ध्या तासाने उठली, सतरंजी उचलली आणि मागे न पाहता आत गेली. भुरी तिच्या मागोमाग गेली. मला इथून दिसत होतं. पांढऱ्या फरशीवर काळी पावलं उमटली आणि ती पुसायला कुणी धावलं नाही. भुरी थेट नव्या कूलरसमोर जाऊन आडवी झाली.

मागच्या आठवड्यात धनसिंगने भिंतीवरून विचारलं, "भाऊ, ते बंगला रिकामाच हाये ना आता? मले दे. नवं पिल्लू आणून राह्यलो."

देऊन टाकला असता तर अश्वजितची सुटका होती. मी डोळ्यांसमोरून गेलो असतो आणि गल्लीत कुणी काही म्हणालं नसतं. अश्वजित भिंतीजवळ आला. मग म्हणाला, "तुह्या आईनं तुले सांगतलं नाही का?" धनसिंग महिनाभर ट्रकवर होता, त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा भिंतीशी उभा राहून अश्वजितने सगळं सांगितलं. साखळीचं, बुजवलेल्या खड्ड्याचं, 'थंडच राहीन' या वाक्याचंही. "लोखंड मले कयते, असं म्हनत फिरलो मी," तो म्हणाला. "पिल्लाले घरात ठेव, धनसिंग. नाहीच जमलं तं मोकयं ठेव."

त्याच संध्याकाळी त्याने छन्नी-हातोडी आणली आणि माझ्या तिन्ही बाजूंचा पत्रा उडवला. आता मी नुसता सांगाडा आहे. वारा इकडून तिकडे जातो. नावाची पट्टी त्याने मुद्दाम ठेवली. पुसायची नाही, म्हणाला.

कुणासाठी घर कराल तर एक करा. मे महिन्यात, दुपारी एक वाजता, आधी तुम्ही त्यात बसून बघा. मग नाव लिहा.

भुरी सकाळी अंगणात येते. कडुलिंबाकडे जायची सरळ वाट माझ्या जवळून जाते. ती भिंतीच्या कडेकडेने, लांबून वळसा घेऊन जाते. तळवे आता बरे झालेत, तरी ती तशीच जाते.